एक्सलन्सी गेली, महामहिम मात्र राहिले!

पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. 'महामहिम' या शब्दाला मराठीने कायमचा निरोप द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रपतींना 'राष्ट्रपती' म्हणावे, राज्यपालांना 'राज्यपाल' म्हणावे, नावाआधी 'श्री.' किंवा 'श्रीमती' लावावे आणि पुढच्या कामाला लागावे. एवढे साधे आहे. पण आपल्याकडे साध्या गोष्टी सहजासहजी होत नाहीत. राष्ट्रपती भवनाने स्वतः हा शब्द सोडला त्याला बारा-तेरा वर्षे होऊन गेली, तरी आपले सूत्रसंचालक, निमंत्रणपत्रिका छापणारे आणि टीव्हीवरचे निवेदक तो सोडायला तयार नाहीत. मालकाने टाकून दिलेली झूल गड्याने अंगावर मिरवावी, तसला हा प्रकार!

आधी हा शब्द आला कुठून ते पाहू. 'महामहिम' म्हणजे इंग्रजी 'एक्सलन्सी'चे भाषांतर. आणि 'एक्सलन्सी'चे मूळ लॅटिनमध्ये आहे, 'इतरांच्या वर उठणे' अशा अर्थाचे. म्हणजे त्या शब्दाच्या पोटातच दुसरा कोणीतरी खाली असणे गृहीत धरलेले आहे. कोणीच खाली नसेल तर हे वर कशाच्या उठणार?

युरोपात कधीकाळी राजेसुद्धा एक्सलन्सी होते. पुढे राजांना ते पुरेना. मग 'हायनेस' आले, आणि इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात स्वारी 'मॅजेस्टी'वर जाऊन पोहोचली. राजे वरच्या पायरीवर चढले तशी रिकामी झालेली पायरी वकिलांना (म्हणजे राजदूतांना, कोर्टातल्या वकिलांना नव्हे!) आणि गव्हर्नरांना मिळाली. या शब्दांचा स्वभावच असा आहे. ते झिजतात. झिजले की आणखी मोठा शब्द लागतो. आपल्याकडे 'श्री.' पुरेना म्हणून 'मा.' आले, 'मा.' पुरेना म्हणून 'मा. ना. श्री.' आले, आणि आता तेही पुरत नाही म्हणून मागे-पुढे सम्राट, महर्षी, भाग्यविधाते लागू लागले आहेत. हा हेन्रीचाच रोग आहे, फक्त आपल्याला जरा उशिरा लागला.

इंग्रज इथे आले ते ही सगळी शिडी बरोबर घेऊन. व्हाइसरॉय आणि मुंबई-मद्रासचे गव्हर्नर 'हिज एक्सलन्सी'. लेफ्टनंट गव्हर्नर मात्र नुसते 'हिज ऑनर'. संस्थानिक 'हिज हायनेस'. त्यातही हैदराबादच्या निजामाला १९१८ मध्ये 'एक्झाल्टेड हायनेस' ही खास पायरी बांधून दिली. कोणाला किती तोफांची सलामी हेही ठरलेले. कोणी कोणापुढे किती वाकायचे याचे ते अंकगणितच होते म्हणा ना! मूठभर लोकांना अवाढव्य देश ताब्यात ठेवायचा होता. त्यांना या शिडीची गरज होती. एका पायरीवरच्याला वरच्या पायरीची आस लावली की तो खालच्याकडे बघत नाही, आणि सगळी शिडीच कोणाच्या भिंतीला टेकली आहे हा प्रश्न तर मुळीच विचारत नाही.

कायदेमंडळाच्या सभासदांना 'ऑनरेबल' म्हणत. त्याचे मराठी झाले 'नामदार'. नामदार गोखले आपण अजून म्हणतो ते यामुळेच. गंमत म्हणजे याच गोखल्यांनी १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला 'सर' हा किताब नाकारला. 'नामदार' हे त्यांच्या जागेबरोबर आले होते, 'सर' हा मेहेरबानीचा होता. हा फरक त्यांना कळत होता. शंभर वर्षांनंतर आपल्याला तो कळेनासा झाला आहे काय?

आता जरा व्याकरण. (बाईंची जित्याची खोड, चालवून घ्या.) संस्कृतात 'ज्याचा महिमा मोठा आहे तो' असा बहुव्रीही समास केला तर प्रथमेचे एकवचन होते 'महामहिमा'. त्यातला शेवटचा काना हिंदीने सोडला आणि 'महामहिम' असे रूप चालवले. दिल्लीच्या आकाशवाणीवरून ते घरोघर ऐकू आले, आणि आपण ते जसेच्या तसे उचलले. मराठीत 'महिमा' हा शब्द देवाचा, तीर्थाचा, नामाचा असतो. चांगदेवाचा महिमा, मेहुणच्या मुक्ताईचा महिमा. पाच वर्षांसाठी नेमलेल्या किंवा निवडलेल्या माणसाचा 'महिमा' असतो का? असलाच तर तो त्याने काम करून दाखवल्यावर लोकांनी म्हणायचा. शपथविधीच्या दिवशीच चिकटवून द्यायचा नाही!

मराठीची स्वतःची परंपरा याहून फार शहाणी आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांच्या जागी नवे शब्द आणले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. या नावांकडे नीट बघा. कोणाकडे हिशेब, कोणाकडे पत्रव्यवहार, कोणाकडे परराज्यांशी बोलणी, कोणाकडे फौज. सगळी कामाची नावे आहेत. स्वतः छत्रपती असलेल्या राजाच्या दरबारात पदांची नावे कामावरून पडली होती, आणि लोकशाहीतली आमची पदे विशेषणांच्या ओझ्याखाली वाकली आहेत!

पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला. १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपले हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यातले काही शब्द बोजड होते, खोटे कशाला बोला. पण आयुक्त, संचालक, अधीक्षक, जिल्हाधिकारी ही नावे आज सगळा महाराष्ट्र बिनतक्रार वापरतो. मुंबईच्या मेयरला 'महापौर' हे नाव सावरकरांनी दिले, तेही रुळले. म्हणजे मराठीला पदांची नावे घडवता येत नव्हती असे नाही. घडवता येत होती, आणि ती नावे त्या पदावरचा माणूस काय करतो हे सांगत होती. 'महामहिम' काय सांगतो? तो काहीच सांगत नाही. तो फक्त वाकायला लावतो.

आता राज्यघटना. घटनेत 'राष्ट्रपती' आहे, 'राज्यपाल' आहे. त्यांनी काय करायचे, किती वर्षे करायचे, शपथ कोणती घ्यायची, सगळे आहे. 'एक्सलन्सी' कुठेही नाही. उलट अठरावे कलम सांगते की सैनिकी किंवा विद्याविषयक मानचिन्ह सोडून कोणताही किताब राज्यसंस्थेने द्यायचा नाही. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, सर हा सगळा बाजार त्या एका कलमाने उठवला. पद्म पुरस्कारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, आणि म्हणूनच ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. (आपल्याकडच्या सत्कारांच्या फलकांवर काय दिसते ते तुम्हीच आठवा.) कोणी म्हणेल, 'महामहिम' हा काही दिलेला किताब नाही, नुसते संबोधन आहे. कायद्याच्या काट्यावर ते खरे असेल. पण अठराव्या कलमामागचा विचार एवढाच होता ना, की या देशात कोणी जन्माने किंवा सरकारच्या कृपेने दुसऱ्यापेक्षा वरच्या जातीचा माणूस होणार नाही? मग जो शब्दच 'वर उठलेला' असा आहे, त्याचे काय?

हा वाद फक्त आपल्याकडे झाला असे नाही. १७८९ मध्ये अमेरिकेत पहिला राष्ट्राध्यक्ष निवडून आला तेव्हा त्याला हाक काय मारायची यावर त्यांच्या दोन सभागृहांत चांगलीच जुंपली. सेनेटच्या समितीला 'हिज हायनेस, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक' असा मारुतीच्या शेपटीएवढा किताब हवा होता. प्रतिनिधिगृहाने तो साफ नाकारला आणि नुसते 'प्रेसिडेंट' ठेवले. उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स लांबलचक किताबांच्या बाजूचे, आणि अंगाने गुटगुटीत. लोकांनी त्यांना 'हिज रोटंडिटी' असे नाव ठेवले, म्हणजे 'श्रीमान गोलमटोलेश्वर'! तेव्हापासून 'मिस्टर प्रेसिडेंट' चालते आहे आणि त्या पदाचे वजन काही कमी झालेले नाही. वजन पदाला असलेल्या अधिकाराचे असते, हाक मारण्याचे नसते.

आणि आपल्या खानदेशाचा तर या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. कसा ते सांगते.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षालाच 'राष्ट्रपती' म्हणत, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' नावाचा एक लेख आला. लेखकाचे नाव 'चाणक्य'. लेखाचा सूर असा की, जयजयकाराने या जवाहरलालचे डोके फिरू शकते, हा उद्या हुकूमशहा होऊ शकतो, याला पुन्हा अध्यक्ष करू नका. आणि हा चाणक्य म्हणजे खुद्द नेहरूच! पुढच्या काळातल्या नेहरूंबद्दल कोणाचे काहीही मत असो. पण गर्दीचा जयजयकार कानावर पडत असताना स्वतःलाच असा चिमटा काढणारा माणूस विरळा. आणि त्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की जयजयकार ज्याचा होतो त्यालाच तो आधी बिघडवतो.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, २५ जुलै २००७ रोजी, आपल्याच जिल्ह्यात नाडगावला जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील देशाच्या राष्ट्रपती झाल्या. पहिल्या महिला राष्ट्रपती. त्या वेळी दिल्लीत काय चर्चा रंगली होती आठवते ना? बाईमाणूस 'पती' कशी होणार! 'राष्ट्रपत्नी' म्हणायचे का, 'राष्ट्रमाता' म्हणायचे का, असले आचरट विनोद चालले होते. आपल्याकडे कोणाला हा प्रश्न पडल्याचे मला तरी आठवत नाही. कारण १९९३ नंतर पंचायतीत महिलांना आरक्षण आले आणि पंचायत समितीच्या सभापती बाई असतात हे आपल्या अंगवळणी पडले होते. 'पती' म्हणजे पाळणारा, सांभाळणारा, प्रमुख. सेनापती, कुलपती, सभापती यांतला. नवरा नव्हे! भाषा जाणणाऱ्या खेड्याला जे सहज कळले ते राजधानीच्या पचनी पडायला वेळ लागला. आणि खरे तर पडलेच नाही, कारण जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्यावर तोच 'राष्ट्रपत्नी' शब्द लोकसभेतल्या एका मोठ्या नेत्याच्या तोंडून गेला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. प्रतिभाताई १९६२ मध्ये जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या, आणि नंतर चार वेळा एदलाबादहून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरहून. इतकी वर्षे लोकांनी त्यांना हाक काय मारली? 'ताई'. 'ताई, आमचं काम कधी व्हईन?' असे तिथली बाई विचारू शकत होती. आता हेच वाक्य 'महामहिम'ने सुरू करून बघा बरे. 'महामहिम, आमचं काम कधी व्हईन?' जमते का? जीभच वळत नाही. 'ताई' म्हटले की पुढे प्रश्न येतो, तक्रार येते, वेळ पडली तर भांडणही येते. 'महामहिम' म्हटले की पुढे फक्त विनंती येऊ शकते, आणि तीसुद्धा हात जोडून. माझा सगळा आक्षेप या एका वाक्यात आला. शब्द मोठा झाला की प्रश्न लहान होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीत असताना एका शाळेच्या कार्यक्रमाला फार मोठ्या पदावरचे पाहुणे यायचे होते. नववीतल्या पाच मुलींनी त्यांना पाच प्रश्न विचारायचे ठरले. एका मुलीने स्वतःच्या मनाने प्रश्न काढला होता, 'आमच्या शाळेत दोनशे मुलींना एकच मुतारी आहे आणि तिला कडी नाही, तर मुली शाळा सोडतात याबद्दल आपल्याला काय वाटते?' मी म्हणाले, पाचांत हाच प्रश्न खरा आहे. पण आयोजकांच्या अंगावर काटा आला. 'त्यांच्यासमोर असले प्रश्न शोभतात का?' मी वाद घातला, उपयोग झाला नाही. आठ दिवस मुलींकडून संबोधनाची तालीम करून घेण्यात आली, 'महामहिम' कसे म्हणायचे, किती वाकायचे. प्रश्न उरले ते 'आपले आवडते पुस्तक कोणते' छापाचे. त्या मुलीच्या हातात पुष्पगुच्छ दिला गेला. पाहुणे चांगले गृहस्थ होते हो, त्यांना तो प्रश्न कोणी विचारू दिला असता तर कदाचित चार दिवसांत कडी बसलीही असती! पण त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. म्हणजे या शब्दाने नुकसान नुसते मुलीचे झाले नाही, पाहुण्यांचेही झाले. मोठ्या पदावरच्या माणसाला खरे काय ते कळू न देण्याची ही पक्की व्यवस्था आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी या प्रथेला कात्री लावली. देशातल्या कार्यक्रमांत राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यासाठी 'एक्सलन्सी' वापरायचे नाही, हिंदीत 'महामहिम'ऐवजी 'राष्ट्रपती महोदय' म्हणायचे, नावाआधी 'श्री' किंवा 'श्रीमती' लावायचे. परदेशी पाहुण्यांशी व्यवहार करताना मात्र आंतरराष्ट्रीय रिवाज म्हणून 'एक्सलन्सी' चालू ठेवले. हे मला रास्त वाटते. पाहुण्याच्या घरी चपला कुठे काढायच्या ते पाहुणा ठरवत नाही. पण आपल्याच घरात आपण कसे वागायचे ते तर आपण ठरवू शकतो?

न्यायालयांचेही तेच. 'माय लॉर्ड' म्हणण्याची सक्ती नाही. बार कौन्सिलने २००६ मध्येच नियम केला की उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात 'युवर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणावे, खालच्या न्यायालयांत 'सर'. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की आम्हाला आदराने हाक मारा म्हणजे झाले, 'लॉर्ड'च म्हणा असा आमचा आग्रह नाही. तरी वकील मंडळी 'मिलॉर्ड, मिलॉर्ड' करीतच आहेत. बघा, सवय वरून तुटत नाही. वरच्याने सोडले तरी खालचा सोडत नाही, कारण वाकण्यात त्याला आपला फायदा दिसतो.

१ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. २०२५ च्या अखेरीस अनेक राज्यांतल्या राजभवनांच्या पाट्या बदलून 'लोकभवन' झाल्या. छान झाले. पण लोकभवनात 'महामहिम' कसे राहणार, हे कोणी सांगेल का? आणि त्याच नोव्हेंबरात आपल्या महाराष्ट्र शासनाने एक शासन निर्णय काढला. आमदार-खासदार कार्यालयात आले की अधिकाऱ्याने जागेवरून उठून अभिवादन करावे, त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे, फोनवर नम्रपणे बोलावे. लोकप्रतिनिधींचा मान राखावा याबद्दल दुमत नाही. पण तो निर्णय वाचल्यावर मनात आले, हेच सगळे संजय गांधी निराधार योजनेच्या कागदासाठी तहसिलीत चौथी खेप घालणाऱ्या म्हातारीसाठी का नको? तिच्यासाठी कोणी उठून उभे राहायला नको, निदान मान वर करून तिच्याकडे बघावे एवढाच शासन निर्णय पुरे!

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. माझा पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, एका शब्दाने काय होतं? पदाचा मान नको का राखायला?" राखायला हवाच. पण मान आणि मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'राष्ट्रपती' या शब्दातच एवढा मान आहे की त्याला टेकू लागत नाही. टेकू लागतो तो पडणाऱ्या भिंतीला.

दुसरा म्हणाला, ही आपली संस्कृती आहे, आपण मोठ्यांना मान देतो. अहो, आपली संस्कृती 'नाना', 'आप्पा', 'भाऊ', 'ताई' म्हणण्याची आहे. 'महामहिम' ही इंग्रजांच्या शिडीची एक पायरी आहे, वर संस्कृतचा मुलामा दिलेली. अर्थात 'भाऊ' आणि 'दादा' यांचीही आता फलकांवर काय अवस्था झाली आहे ते मला दिसते. चाळीस फुटी फलकावर मध्ये 'दादा' आणि खाली पन्नास कार्यकर्त्यांची तोंडे, हे काही नाते नव्हे. पण बिघडलेले नाते दुरुस्त करता येते. 'महामहिम'मध्ये नातेच नाही, दुरुस्त काय करणार?

तिसरा आक्षेप जरा विचार करण्यासारखा आहे. शब्द काढून टाकला तरी माणसे वाकायची थांबणार नाहीत. खरे आहे. पण एक बघा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला. त्याच्या अर्जावर काय लिहितात? 'प्रति, जन माहिती अधिकारी.' मागे विशेषण नाही, पुढे विशेषण नाही. दहा रुपये भरायचे आणि विचारायचे. तीस दिवसांत उत्तर द्यायचे बंधन त्यांच्यावर. वर्षानुवर्षे 'आपला आज्ञाधारक' लिहीत आलेल्या माणसाला त्या कोऱ्या संबोधनाने पहिल्यांदा ताठ बसून लिहायला शिकवले. आणि तेही नवीन नाही. १८६० च्या इंग्रजांच्याच दंडसंहितेत एकविसाव्या कलमात अधिकाऱ्यांसाठी शब्द होता 'पब्लिक सर्व्हंट', लोकसेवक. म्हणजे कायद्यात सेवक आणि तोंडी एक्सलन्सी! इंग्रज गेले तेव्हा आपण यातले कोणते उचलायचे ते आपल्या हातात होते.

मग करायचे काय? माझ्या साध्या सूचना आहेत, त्याला खर्च येत नाही.

निमंत्रणपत्रिकेवर पद आणि 'श्री.' किंवा 'श्रीमती' लावून नाव, बस्स. फारच वाटले तर 'मा.' एकदा, दोनदा नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण मंडळींनी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे एकदाच, सुरुवातीला घ्यावीत. प्रत्येक वक्त्याने पुन्हा पहिल्यापासून ती जपमाळ ओढायची गरज नाही. उन्हात बसलेल्या पोरांचा अर्धा तास वाचेल. शिक्षकांनी पत्रलेखन शिकवताना 'आपला आज्ञाधारक'च्या जागी 'आपला विश्वासू' लिहून घ्यावे. आज्ञा पाळायची ती कायद्याची, खुर्चीची नाही. आणि मोठे पाहुणे शाळेत आले तर मुलांना वाकायचे शिकवण्याऐवजी दोन गोष्टी शिकवाव्यात. नजर वर ठेवून 'नमस्कार' म्हणायचे, आणि मनातला प्रश्न न अडखळता विचारायचा.

मराठी वृत्तवाहिन्यांनीही एवढे करावे. 'महामहिम राज्यपाल' म्हणण्याऐवजी 'राज्यपाल' म्हटले तर बातमी एका शब्दाने लहान होईल आणि ऐकणारा एका बोटाने उंच होईल.

असो. विषय निघाला की मी थांबत नाही हे घरच्यांना माहीत आहे. ज्यांना 'महामहिम' प्राणापलीकडे प्रिय आहे त्यांनी आपली बाजू जरूर मांडावी, मी मोकळ्या मनाने वाचीन. फक्त पत्राची सुरुवात 'आदरणीय, वंदनीय, प्रातःस्मरणीय बाई' अशी करू नका. 'बाई' पुरे. चाळीस वर्षे मुलांनी तीच हाक मारली, आणि त्या हाकेपुढे त्यांनी मला भंडावून सोडणारे प्रश्न विचारले.

दीपनगर, ता. भुसावळ